दोन रकाने आणि एक बटण

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी कळवलं, की घरी शिकणाऱ्या मुलांसाठीची द्विभाषिक ऑनलाइन साधनं, याला इतिहास असून असून असणार तरी किती? दहा-पंधरा वर्षांचा? शंका रास्त आहे. 'ऑनलाइन' हा शब्द धरून बसलो तर इतिहास तेवढाच. पण तो शब्द घटकाभर बाजूला ठेवा आणि उरलेलं पाहा. शाळेच्या बाहेर, घरात बसून, मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांच्या आधारानं शिकायचं. हे म्हटलं की आपण थेट १८३२ सालापर्यंत मागे जातो.

आम्ही काही जण घरी शिकणाऱ्या मुलांसाठी मराठी-इंग्रजी धडे तयार करण्याचं काम करतो. त्या कामात रोज जे प्रश्न पडतात ते आपल्या आधी कुणाला पडले होते का, हे शोधताना जी टिपणं जमली त्यांवर हे व्याख्यान बेतलेलं आहे. त्यामुळे इतिहास सांगता सांगता मध्येच आम्ही आजच्या पडद्याकडे वळू, तेवढं सांभाळून घ्या.

आधी आजची स्थिती. बहुतेक द्विभाषिक म्हणवणाऱ्या शैक्षणिक संकेतस्थळांवर आणि अ‍ॅपवर वरच्या कोपऱ्यात एक बटण असतं: 'भाषा बदला'. ते दाबलं की सगळा पडदा मराठी होतो. पुन्हा दाबलं की सगळा इंग्रजी. एका वेळी एकच भाषा डोळ्यांसमोर, दुसरी गायब. म्हणजे साधन द्विभाषिक असतं, पण मूल प्रत्येक क्षणी एकभाषिकच वाचत असतं. अपूर्णांकांच्या धड्यात 'न्यूमरेटर' या शब्दाशी अडलेल्या मुलीनं बटण दाबावं, मराठी पानावर ती ओळ शोधावी, 'अंश' हा शब्द वाचावा, परत बटण दाबावं, परत आपली जागा शोधावी. दोनदा करेल, तिसऱ्यांदा कंटाळेल. हे बटण कुठून आलं, आणि त्याच्या आधी काय होतं, ही आजची आपली गोष्ट.

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण'चा पहिला अंक निघाला. संपादक बाळशास्त्री जांभेकर, मूळचे कोकणातल्या पोंभुर्ल्याचे, वय तेव्हा विशीच्या आसपास. मराठीतलं हे पहिलं वृत्तपत्र, म्हणून ६ जानेवारीला आपल्याकडे पत्रकार दिन साजरा होतो, भाषणं होतात, हार घातले जातात. त्या भाषणांमध्ये एक गोष्ट सहसा घाईत उरकली जाते: 'दर्पण' नुसतं मराठी नव्हतं. त्याच्या पानावर दोन रकाने असत, एक इंग्रजी, एक मराठी, शेजारी शेजारी. आधी ते पाक्षिक होतं, मे महिन्यापासून साप्ताहिक झालं आणि १८४० पर्यंत चाललं. देशी लोकांना इंग्रजी विद्येची गोडी लागावी आणि लोकांना आपले विचार मांडायला जागा मिळावी, असे दोन्ही हेतू त्यामागे होते.

आता एखाद्या वाचकाच्या घरी जाऊ. शाळा संपून नोकरीला लागलेला, थोडंफार इंग्रजी येणारा एखादा कारकून. तो इंग्रजी रकाना वाचू लागतो. अडला की मान किंचित वळवायची, बस. मराठी तिथेच आहे. ताडून पाहायचं आणि पुढे जायचं. शेजारी मास्तर नाही, शब्दकोशाची गरज नाही. इंग्रजी-मराठीचा मोठा शब्दकोश कँडींनी पुढे १८४७ साली पुरा केला. त्याआधीचा, १८३१ सालचा मोल्सवर्थचा प्रसिद्ध कोश मराठीतून इंग्रजीकडे जाणारा होता. मराठी समजून घेऊ पाहणाऱ्या साहेबाच्या तो उपयोगाचा. इंग्रजी समजून घेऊ पाहणाऱ्या आपल्या माणसाला त्यात नेमका हवा तो शब्द सापडायचा कसा? साधन कुणीकडून कुणीकडे जातं यावर ते कुणासाठी आहे हे ठरतं. 'दर्पण'चे रकाने दोन्हीकडून वाचता येत.

दोन रकान्यांचा आणखी एक गुण आहे, आणि आम्हाला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्याला इंग्रजी अजिबात येत नाही अशा घरातल्या वडीलधाऱ्या माणसालाही त्या पानावर काय चाललंय ते कळत होतं. तरुण मुलगा इंग्रजीत काय वाचतोय, हे बापाला मराठी रकान्यातून वाचता येत होतं. पान दोघांचं होतं.

मग हे रकाने मोडले कसे? त्यासाठी थोडं कचेरीत जावं लागेल. मुंबई इलाख्यात १८४० साली शिक्षण मंडळ, म्हणजे बोर्ड ऑफ एज्युकेशन, स्थापन झालं. १८४७-४८ च्या सुमारास त्या मंडळात मोठा वाद पेटला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचं म्हणणं, भर इंग्रजीवर द्यावा. विरुद्ध बाजूला जॉर्ज जर्व्हिस. या गृहस्थांनी १८२० च्या दशकात शास्त्र्यांना हाताशी धरून गणिताची मराठी पुस्तकं केली होती, देशी भाषेतून गणित शिकवता येतं हे त्यांनी करून पाहिलेलं होतं. त्यांच्या बाजूला जगन्नाथ शंकरशेट. नानांचं इंग्रजी उत्तम होतं, इंग्रजी शिक्षणाला त्यांनी हयातभर मदत केली, तरी सामान्य लोकांपर्यंत ज्ञान पोचवायचं तर ते त्यांच्याच भाषेतून, या मताला ते धरून राहिले. वाद तडजोडीनं मिटला असं म्हणण्यापेक्षा १८५४ च्या वुडच्या खलित्यानं त्याची वाटणी करून टाकली: खालचं शिक्षण देशी भाषेत, वरचं इंग्रजीत.

आमच्या मते ते बटण इथे जन्माला आलं. मुलानं काही वर्षं मराठीत शिकायचं आणि मग एका ठरावीक इयत्तेला भाषा बदलायची. बदलली की पहिली मागे राहिली. तेव्हापासून आजवर माध्यमाचा वाद 'ही की ती' अशाच रूपात होत आला आहे. सेमी-इंग्रजी आलं, त्यानं वाटणी इयत्तांऐवजी विषयांत केली: गणित-विज्ञान इंग्रजीत, इतिहास-भूगोल मराठीत. रकाने शेजारी आले नाहीत ते नाहीतच.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. एकोणिसाव्या शतकात घरी शिकणारं माणूस म्हणजे बहुतेक वेळा बाई. सावित्रीबाईंना जोतिरावांनी घरीच शिकवायला सुरुवात केली, हे सर्वांना माहीत आहे. ज्यांच्या घरातल्या शिकण्याचा सविस्तर तपशील आपल्यापाशी आहे त्या रमाबाई रानडे. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचं लग्न न्यायमूर्ती रानड्यांशी झालं. तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. रानड्यांनी स्वतः शिकवायला घेतलं, आधी मराठी, मग इंग्रजी. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० सालचं रमाबाईंचं पुस्तक मिळवून वाचाच. त्यात शिकण्याइतकीच, शिकण्यावरून झालेल्या छळाची हकिकत आहे. घरातल्या बायकांचा विरोध पहिल्यापासून होता, इंग्रजी सुरू झाल्यावर तो वाढला. पुढे नाशिकला वेगळं बिऱ्हाड झालं तेव्हा जरा मोकळीक मिळाली. आणि पुण्यात मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी सभा झाली तेव्हा याच रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचून दाखवलं. ती शाळा १८८४ साली निघाली, आपली हुजूरपागा. घरी परतल्यावर त्यांच्या वाट्याला कौतुक आलं नाही हे सांगायला नको.

या विरोधाकडे आपण आज सनातनी-सुधारक अशा चष्म्यातून पाहतो, ते योग्यच आहे. पण त्यात एक साधी गोष्टही असावी. त्या घरातल्या बायकांना सून काय वाचतेय हे कळण्याचा मार्गच नव्हता. मराठी पोथी असती तर कुणीतरी वाचून दाखवली असती. इंग्रजी पुस्तक म्हणजे घरात आलेली बंद पेटी. ज्या घरात मूल शिकतं त्या घरालाही त्या शिकण्यात डोकावता यायला हवं, नाहीतर घर विरोधात तरी जातं किंवा हात झटकून मोकळं होतं.

आनंदीबाई जोशींची गोष्ट याच्या शेजारी ठेवली की दुसरी बाजू दिसते. नवरा पोस्टात कारकून, बदल्या अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा. गोपाळराव हेच शाळा, हेच मास्तर, हेच परीक्षक. बायको अभ्यास सोडून चुलीपाशी दिसली की त्यांचा संताप अनावर होई, मारहाणीपर्यंत जाई. त्या मुलीनं १८८३ साली अमेरिका गाठली, १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत गेली, वय बावीसही पुरं नव्हतं. घरच्या शिक्षणाचं कौतुक करताना हे विसरू नये, की घरी शिकणाऱ्याचं सगळं नशीब त्या एका शिकवणाऱ्या माणसाच्या हाती असतं. रानडे असले तर एक, गोपाळराव असले तर दुसरं. आणि कुणीच नसलं तर?

कुणीच नसलेल्यांसाठी पुस्तकं आली. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांच्या घरात नव्हती असे जुन्या पिढीतले इंग्रजी शिकलेले मराठी लोक कमीच असतील. पद्धत अगदी साधी: थोडं व्याकरण, थोडे शब्द, मग मराठी वाक्यांचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. आज भाषाशिक्षणाचे जाणकार भाषांतर पद्धतीला नाकं मुरडतात, आणि बोलायला शिकायचं असेल तर ते बरोबरही आहे. पण गिरणीतून किंवा दुकानातून घरी येऊन कंदिलाशी बसणाऱ्या माणसाला या पुस्तकानं एक गोष्ट दिली होती. त्याची स्वतःची भाषा त्या पानावर होती, आणि ती कामाला लावलेली होती. मराठी तिथे शोभेला नव्हती.

मध्ये बराच काळ सोडून देतो. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. बोधवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी'. त्यांच्या पुस्तकांचं वैशिष्ट्य असं, की ती स्वयं-अध्ययनासाठी लिहिलेली होती: मध्येच थांबवून प्रश्न विचारणारी, उत्तर ताडून पाहायला सांगणारी. शाळेच्या पातळीवर मात्र घरी शिकणाऱ्यांसाठी बराच काळ एकच दार उघडं होतं, ते म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. हा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसलेलं माणूस तुमच्या ओळखीत एक तरी असेल. लग्न लवकर झालेली मुलगी, गॅरेजमध्ये काम करणारा मुलगा, आईच्या आजारपणात शाळा सुटलेली कुणी. आज 'होमस्कूलिंग' म्हटलं की पुण्या-मुंबईतली, विचार करून शाळा नाकारणारी सुशिक्षित कुटुंबं डोळ्यांसमोर येतात. त्यांची मुलंही आमच्याकडे शिकतात. पण संख्येनं पाहिलं तर घरी शिकणारा महाराष्ट्र म्हणजे सतरा नंबरवाला महाराष्ट्र आहे, आणि साधनं बनवताना तो कुणाच्या मनात नसतो.

मार्च २०२० मध्ये तर सगळीच मुलं घरी बसली. त्या वर्षी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, पहिली ते आठवीसाठी. धडा वाचून दाखवण्याऐवजी घरातल्या मोठ्यांनी आणि मुलांनी मिळून करायच्या गोष्टी त्यात होत्या. त्या काळात जे काही घाईघाईनं तयार झालं त्यात ही मालिका आम्हाला वेगळी वाटते, कारण तिनं घराला विद्यार्थ्याच्या शेजारी बसवलं. बाकी बहुतेक ठिकाणी इंग्रजी धड्यांचं मराठी करून बटण लावलं गेलं.

आणि ते मराठी कसलं! चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला काढली, तिच्या पहिल्याच निबंधाचा विषय मराठीची तेव्हाची स्थिती. इंग्रजीच्या साच्यात ओतलेल्या मराठीवरचा तो राग दीडशे वर्षांनी पुन्हा छापावा असे धडे आजही पाहायला मिळतात. पण आम्हाला इथे शुद्धाशुद्धतेबद्दल बोलायचं नाही. नुसत्या भाषांतरानं गणितच कसं चुकतं, ते दाखवायचंय.

सत्तेचाळीस घ्या. इंग्रजीत 'फॉर्टी सेव्हन', आधी चाळीस, मग सात. मराठीत आधी सात, मग चाळीस. ऐकून आकडा लिहायचा असेल तर मराठी मूल बरेचदा आधी ७ लिहितं आणि मग ४. झाले चौऱ्याहत्तर. त्यात एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक कमी, तिथे चार हा अंक कानावर येतच नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' असं संख्यावाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला आठवतो ना? विधिमंडळापासून समाजमाध्यमांपर्यंत थट्टा चालली. मंगला नारळीकर आणि त्यांच्या समितीनं मांडलेली अडचण मात्र खरी होती: उच्चाराचा क्रम आणि लेखनाचा क्रम उलटा आहे, शिवाय जोडाक्षरं. उपाय पटो न पटो, अडचण खोटी ठरत नाही. आणि दोन भाषांत शिकणाऱ्या मुलासाठी ती दुप्पट होते, कारण त्याला एका कानानं एक क्रम आणि दुसऱ्या कानानं दुसरा क्रम ऐकू येतो.

उलट, जिथे मराठी पुढे आहे तिथे भाषांतर तिला मागे ओढतं. अपूर्णांकांचा इंग्रजी धडा पिझ्झाच्या तुकड्यांनी सुरू होतो, त्याचं मराठी केलं की मराठीतही पिझ्झाच येतो. आमच्या मुलांना पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द दुकानात, दुधाच्या मापात, घड्याळात भेटलेले असतात. पावणेचार म्हटलं की इंग्रजीत 'क्वार्टर टू फोर' सापडतं, पण ते घड्याळापुरतं. मराठीत पावणेचार वाजतात, पावणेचार किलो कांदे येतात आणि पावणेचार मीटर कापडही मिळतं. पूर्वी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे पाढे मुलं घोकत असत. ते परत आणा असं कुणी म्हणत नाही. पण मराठी रकाना पाऊणपासून सुरू व्हावा आणि इंग्रजी रकाना त्याला येऊन मिळावा, एवढं मागायला हरकत नसावी. परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळांमध्ये नेमका उलटा प्रवास असतो, तिथल्या मुलांना इंग्रजी अपूर्णांक येतात आणि आजीचं 'सव्वा वाटी' अडतं. रकाने शेजारी असले तर तेच पान त्यांनाही चालतं.

आता आमचं काम कुठवर आलंय ते सांगतो. 'दर्पण'चं पान मोठं होतं, मोबाइलचा पडदा तळहाताएवढा. दोन रकाने त्यावर मावत नाहीत, अक्षर मुंगीएवढं होतं. म्हणून आम्ही रकाने उभे न ठेवता वाक्यं एकाखाली एक ठेवतो आहोत. एक इंग्रजी वाक्य, त्यावर बोट ठेवलं की त्याच्याच खाली मराठी उघडतं, पान हलत नाही, जागा चुकत नाही. ज्याला तर्खडकरी सराव करायचाय त्यानं खालचं झाकून ठेवावं, आधी स्वतः करावं, मग उघडावं.

दुसरं, चूक झाल्यावर काय होतं. बहुतेक ठिकाणी लाल फुली येते आणि 'पुन्हा प्रयत्न करा'. सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहिलेल्या मुलाला ही फुली काय सांगते? त्याला गणित येत नाही असं सांगते, आणि ते खरं नाही. शेजारी बसलेल्या माणसानं लगेच ओळखलं असतं, 'अरे, ऐकलंस तसं लिहिलंस.' आम्ही अशा चुकांची यादी करतो आहोत, ज्या दोन भाषांच्या सांध्यावर होतात. ७४ उत्तर आलं तर फुलीऐवजी दोन्ही उच्चार एकामागून एक ऐकवायचे आणि आधी चाळीसचा ४ दाखवायचा. हे काम किचकट आहे, कारण प्रत्येक धड्यात अशा जागा हातानं शोधाव्या लागतात, यंत्राकडून करून घेतलेलं भाषांतर त्या दाखवत नाही.

तिसरं कागदाचं. सतरा नंबरवाल्या घरांत फोन बहुधा एकच असतो आणि तो सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाबरोबर निघून जातो. म्हणून प्रत्येक धड्याचं छापता येईल असं पान हवं. कागदावर जागेची अडचण नाही. तिथे आम्ही खरोखरच दोन उभे रकाने ठेवलेत, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, आणि मराठी रकान्याच्या खाली घरातल्या मोठ्यांसाठी दोन प्रश्न. ज्या आईला इंग्रजी येत नाही तिनं तो रकाना वाचायचा आणि मुलीला विचारायचे, मुलीनं उत्तर कुठल्याही भाषेत द्यावं. पहिल्या पानावरचा पहिला प्रश्न सोपा ठेवलाय: आज घरात पाऊण मापानं काय काय आलं?

इथे थांबतो. पडद्यावर प्रश्न दिसायला लागलेत, ते आता घेऊ.